पडदा एकच, तर तो आधी अक्षराचा

संगणकाचा पडदा घ्यायला गेलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला : किती इंची? दुसरा : कामासाठी हवा की पिक्चर पाहायला? यांतला पहिला प्रश्न अपुरा आहे आणि दुसरा दिशाभूल करणारा आहे. तरीही आमच्या महाविद्यालयांच्या खरेदी समित्या, आमचे विद्यार्थी आणि आम्ही प्राध्यापक मंडळी या दोन प्रश्नांच्या चौकटीत मुकाट्याने उत्तरे देत आलो आहोत. 'दोन्हींसाठी हवा' असे कोणी म्हणालेच, तर त्याला 'मग मोठा घ्या' असा सल्ला मिळतो. या सल्ल्याविरुद्ध आमची तक्रार आहे. ती तांत्रिक वाटेल, पण मुळात ती वाचनाविषयीची आहे.

'दोन्हींसाठी एकच' ही बहुतेकांच्या बाबतीत आवड नसते, ती परिस्थिती असते. ज्यांच्या घरात दिवाणखाना वेगळा आणि अभ्यासिका वेगळी, त्यांना हा प्रश्न पडत नाही. अमरावती मार्गावरची आमची वाडी ही गोदामांची, मालमोटारींची आणि शेजारच्या आयुधनिर्माणीच्या आधाराने वाढलेली वस्ती. इथे खोली भाड्याने घेऊन मराठीत एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एक टेबल, एक खाट, एक कूलर आणि जमलेच तर एक पडदा येतो. त्याच पडद्यावर त्याला लघुप्रबंध टंकायचा आहे, शोधगंगेवरचे जुने प्रबंध वाचायचे आहेत, विश्वकोशातली नोंद शोधायची आहे आणि 'साहित्याचे माध्यमांतर' शिकताना 'बनगरवाडी' किंवा 'सिंहासन' पाहायचे आहेत. त्याच्या दृष्टीने चित्रपट हाही अभ्यासाचाच भाग आहे. 'काम की करमणूक' हा प्रश्न त्याला लागूच पडत नाही.

म्हणून आमचे प्रतिपादन आरंभीच स्पष्ट मांडतो. पडदा एकच घ्यायचा असेल तर तो अक्षरासाठी निवडावा. जो पडदा देवनागरी अक्षराला न्याय देतो, तो चित्रपटाला फारसा अन्याय करत नाही. उलट चित्रपटाच्या नावाने विकला जाणारा पडदा अक्षराचे नुकसान करतो आणि गंमत म्हणजे ज्या चित्रपटांचा आपण अभ्यास करतो त्यांचेही.

प्रथम आकाराचे पाहू. आज बाजारात बहुसंख्य पडदे १६:९ या प्रमाणाचे आहेत. 'हा सिनेमाचा आकार' असे त्याविषयी बिनदिक्कत सांगितले जाते. वस्तुतः हा कोणत्याही काळातल्या सिनेमाचा प्रमाण आकार नव्हता. मूकपटांची चौकट ४:३ च्या जवळची होती. बोलपट आल्यावर १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने १.३७:१ हे प्रमाण निश्चित केले आणि पुढची दोन दशके जगभरचे चित्रपट बव्हंशी त्यातच घडले. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६), शांताराम यांचा 'माणूस' (१९३९), अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) ही सारी या जवळजवळ चौरस चौकटीची अपत्ये. मग दूरचित्रवाणीच्या स्पर्धेला तोंड देण्यासाठी हॉलिवूडने १९५३ साली सिनेमास्कोपचा रुंद पट्टा आणला. तो भारतीय चित्रपटात १९५९ च्या 'कागज के फूल'मधून अवतरला. आणि १६:९? केर्न्स पॉवर्स या अभियंत्याने १९८० च्या दशकात, भावी दूरचित्रवाणीसाठी, ४:३ आणि २.३५:१ या दोन टोकांच्या मधला आकार गणिताने काढला. या दोन संख्यांचा भूमितीय मध्य काढून पाहावा, तो १.७७ येतो. म्हणजे सोळा-नऊ ही तडजोड आहे. तडजोड वाईट असतेच असे नाही, पण तिला 'सिनेमाचा आकार' म्हणून मिरवणे हा इतिहासाचा विपर्यास आहे.

ही दूरचित्रवाणीची तडजोड संगणकावर कशी आली? वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी ती मागितली नव्हती. २०१० च्या आसपास संगणकाचे ४:३ आणि १६:१० चे पडदे झपाट्याने मागे पडले, कारण दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांना एकाच प्रमाणाचे काचपट पुरवणे उत्पादकांना स्वस्त पडत होते. त्यात आणखी एक मेख होती. पडद्याचे माप कर्णावर मोजतात. कर्ण तोच ठेवून आकार जितका लांबट करावा तितके क्षेत्रफळ घटते. २४ इंच कर्णाचा ४:३ पडदा त्याच कर्णाच्या १६:९ पडद्यापेक्षा क्षेत्रफळाने सुमारे बारा टक्के मोठा भरतो. 'किती इंची?' या प्रश्नाला आम्ही अपुरा म्हणतो ते यासाठी. त्याचे उत्तर बरोबर देऊनही माणूस उंचीला मुकतो, आणि वाचणाऱ्याला हवी असते ती उंचीच.

हा तोटा किती, हे फूटपट्टीने मोजता येते. '२४ इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा १६:९ पडद्यांचा प्रत्यक्ष कर्ण २३.८ इंच असतो. त्याची रुंदी सुमारे ५२७ मि.मी. आणि उंची २९६ मि.मी. आता ए-४ कागदाची उंची पाहावी : २९७ मि.मी. म्हणजे विद्यार्थी ज्या पानावर प्रबंध लिहितो ते पान या पडद्यावर मूळ आकारात मावत नाही, वर-खालच्या पट्ट्यांचा तर विचारच नको. याउलट २४ इंची १६:१० पडदा ५१७ मि.मी. रुंद आणि ३२३ मि.मी. उंच असतो. साधनपट्टी मिटवून ठेवली तर त्यावर अख्खे पान मूळ आकारात एका नजरेत येते. परिच्छेद कोठे सुरू झाला, अवतरण कोठे संपले, तळटीप कोणत्या विधानाला आहे हे सारे पान न सरकवता दिसते. संशोधनपर लेखनात ही चैन नव्हे. पानाचा अर्धा भाग सतत डोळ्याआड ठेवून युक्तिवाद तपासणे म्हणजे ओळीपुरते शुद्ध आणि पानापुरते विस्कळीत लिहिण्याची सवय लावून घेणे होय.

आणि चित्रपटाचे काय? १६:९ मध्ये चित्रित झालेली आजची मालिका वा चित्रफीत १६:१० पडद्यावर रुंदीला दहा मि.मी. लहान दिसते. दहा मि.मी. म्हणजे करंगळीच्या नखाएवढे अंतर! सिनेमास्कोप चित्रपटाची उंची २२४ ऐवजी २२० मि.मी. होते. आणि 'संत तुकाराम'? १६:९ वर तो ४०६ बाय २९६ मि.मी. इतका दिसतो, १६:१० वर ४४३ बाय ३२३. क्षेत्रफळाने हिशेब केला तर सुमारे एकोणीस टक्के मोठा. म्हणजे 'चित्रपटांसाठी' म्हणून जो पडदा आपल्या गळ्यात मारला जातो, तो प्रभातच्या चित्रपटांना लहान करतो, आणि 'कार्यालयीन' म्हणून ज्याकडे पाठ फिरवली जाते तो त्यांना मोठा करतो.

याहून मोठा अपराध वेगळाच. चौकटीच्या दोन बाजूंना काळे पट्टे दिसले की अनेकांना पैसे वाया गेल्यासारखे वाटते. मग ते 'पूर्ण पडदा' करण्याचे बटण दाबतात. १.३७ चे चित्र १.७८ पर्यंत ताणले की ते जवळजवळ तीस टक्के रुंद होते. विष्णुपंत पागनिसांचा कृश, अंतर्मुख तुकाराम गुटगुटीत होतो, वर्तुळे लंबगोल होतात. ताणण्याऐवजी कापण्याचा पर्याय निवडला तर वरून-खालून मिळून सुमारे तेवीस टक्के चित्र नाहीसे होते. ज्या चित्रपटाची अखेर वैकुंठाला निघालेल्या विमानात होते, म्हणजे ज्याची भाववृत्तीच ऊर्ध्वगामी आहे, त्याचे आकाशच कापून टाकायचे आणि मग वर्गात 'प्रभातच्या दृश्यरचनेचे सौंदर्य' या विषयावर टिपणे द्यायची! कवितेच्या ओळी पानात मावत नाहीत म्हणून कोणी त्यांतले शब्द गाळले तर आपण हलकल्लोळ करू. चित्राच्या बाबतीत तोच व्यवहार सोय म्हणून खपतो. काळे पट्टे हा समास आहे. समासाला वाया गेलेला कागद म्हणणारा माणूस ग्रंथप्रेमी नसतो.

आता अक्षराकडे वळू. रोमन लिपीचा बराचसा मजकूर छोट्या अक्षरांच्या मधल्या पट्टीत आडवा धावतो. देवनागरीला मात्र वर-खाली पसरावे लागते : शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह, खाली उकार आणि जोडाक्षरांचे मजले. २३.८ इंची १९२० बाय १०८० पडद्यावर इंचाला सुमारे ९२ बिंदू असतात. बारा पॉइंटाच्या अक्षराला उभ्या दिशेने जेमतेम पंधरा बिंदू मिळतात, आणि त्या पंधरा बिंदूंत हा सारा संसार थाटावा लागतो. २७ इंची 'फोर-के' पडद्यावर, म्हणजे इंचाला १६३ बिंदू असताना, त्याच अक्षराला सत्तावीस बिंदू लाभतात.

हा फरक केवळ सौंदर्याचा असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. मराठीत तो अर्थाचा आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरकपारी एवढे. हे अंतर लिहून दाखवणारी खूण म्हणजे रफार आणि एक चिमुकली आडवी रेघ. 'सुत' आणि 'सूत' यांत मुलगा आणि धागा यांना वेगळे ठेवणारे उकाराचे एक वळण आहे. भरड पडद्यावर लहान अक्षरांत ही वळणे एकमेकांत मिसळतात, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्या शिरोरेषेतल्या फटी बुजतात. मग मुद्रितशोधन करणारा डोळा अंदाजाने वाचू लागतो. विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनावर आपण आसूड ओढतो. त्यांतल्या काही चुका तरी त्यांना दिसत नाहीत म्हणून होतात, हे आपण कधी लक्षात घेणार?

इथे जाहिरातीतली एक मौजेची उलटापालट नोंदवायला हवी. 'फोर-के' हे बिरुद चित्रपटाच्या नावाने विकले जाते. पण जुने मराठी चित्रपट आज आंतरजालावर बहुधा ज्या प्रतींत उपलब्ध आहेत त्यांची सूक्ष्मता फार कमी असते, आणि अनेक ओटीटी सेवा संगणकाच्या ब्राउझरवर पूर्ण सूक्ष्मतेचे चित्र देतच नाहीत. शिवाय हाताच्या अंतरावरून, सुमारे ६५ सें.मी.वरून, सामान्य दृष्टीला ०.१९ मि.मी.पर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. भरड पडद्याचा बिंदू ०.२७ मि.मी.चा असतो, म्हणून अक्षराच्या कडा करवतीसारख्या भासतात. फोर-केचा बिंदू ०.१६ मि.मी.चा, म्हणून तो नजरेआड होतो. खाटेवर मागे रेलून दोन मीटरांवरून चित्रपट पाहताना भरड बिंदूही दिसत नाहीत. तेव्हा ज्या सूक्ष्मतेसाठी चित्रपटाचे नाव घेऊन पैसे मागितले जातात, तिचा खरा लाभार्थी वाचक आहे. ती घ्यावी, पण कोणासाठी घेतो आहोत हे ओळखून घ्यावी.

'मग सरळ मोठा टीव्हीच घ्या' हा सल्ला आता तपासू. ४३ इंची संच अडीच मीटरांवरून पाहिला तर आपल्या नजरेचा सुमारे २२ अंशांचा कोन व्यापतो. २४ इंची पडदा टेबलाशी बसून ६५ सें.मी.वरून पाहिला तर तो ४४ अंश व्यापतो. एकट्या प्रेक्षकाला चित्रपटाची भव्यता हवी असेल तर ती टेबलावरच्या लहान पडद्यापाशी दुप्पट मिळते! वीस जणांच्या वर्गाला दाखवायचे असेल तर प्रक्षेपक आणि भिंत हाच मार्ग आहे, तिथे टीव्हीही अपुराच. शिवाय अनेक संच संगणकाच्या चित्राच्या कडा कापतात आणि रंगांची माहिती अर्ध्या-पाव सूक्ष्मतेने दाखवतात. हलत्या चित्रात हे उमगत नाही, पण पांढऱ्या पानावरची लाल अक्षरे मात्र फिसकटतात. मार्गदर्शकाने प्रबंधात सुचवलेल्या दुरुस्त्या नेमक्या लाल असतात. काही संचांत मांडणी बदलून हा दोष घालवता येतो. ज्याला टीव्ही घ्यायचाच आहे त्याने दुकानात मराठी मजकुराचे एक पान, लाल अक्षरांसह, उघडून पाहावे. गती 'मऊ' करण्याची सोयही आधी बंद करावी, नाहीतर 'सिंहासन' दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो.

विरोधी पक्षातले दुसरे लोक शुद्धतावादी आहेत. 'चित्रपट चित्रपटगृहातच पाहावा' असे ते म्हणतात. तत्त्वतः मान्य. पण १९३६ चा चित्रपट वाडीच्या विद्यार्थ्याने आज कोणत्या चित्रपटगृहात पाहायचा? शिवाय साहित्याचा अभ्यासक चित्रपट जसा वाचतो, म्हणजे थांबवून, मागे नेऊन, संवाद टिपून, तसे चित्रपटगृहात करता येत नाही. ज्या पडद्याच्या डाव्या अंगाला माडगूळकरांच्या कादंबरीचे पान आणि उजव्या अंगाला पालेकरांची चौकट एकाच वेळी मांडता येते, तो नव्या प्रकारचा वाचनमेज आहे. त्याला दुय्यम लेखण्यात रसिकता नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. आपली पोथी तर आडवीच होती, मग रुंद पडद्याशी मराठी वाचकाचे वैर कसले? महानुभावांच्या पोथ्यांचा वारसा सांगणाऱ्या विदर्भात हा प्रश्न उठणारच. पोथीची छायाचित्रे रुंद पडद्यावर सुरेख बसतात, हे खरे. पण पोथीच्या पानावर ओळी मोजक्या आणि अक्षर ठसठशीत असे. रुंदी देताना तिने अक्षराची उंची कापली नव्हती. छपाईयुगाने मराठी गद्य उभ्या पानात आणले, आणि आजचा प्रबंध, कोश, नियतकालिक सारे त्या उभ्या पानाचे वंशज आहेत. पोथी आपल्याला रुंदी शिकवत नाही, अक्षराचा मान राखणे शिकवते.

राहता राहिला 'मराठीच्या प्राध्यापकांनी यात का पडावे' हा प्रश्न. विंडोजबरोबर घरोघर पोचलेला 'मंगल' हा टंक रेखाटणारे र. कृ. जोशी हे मराठी कवी आणि सुलेखनकार होते. साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकवाल्यांनी सायक्लोस्टाइल यंत्राला हात घातला, कारण छापण्याचे साधन ज्याच्या हाती त्याच्या हाती वाङ्मय, हे त्यांना कळले होते. कागदाचा पोत, टंकाचे वळण, समासाची रुंदी यांवर तावातावाने बोलणारी आपली वाङ्मयीन संस्कृती पडद्यापाशी येताच 'ते तांत्रिक आहे' म्हणून हात झटकते. परिणामी निर्णय दुकानदार घेतो आणि आपण त्यावर आयुष्यभर वाचतो.

आमचे धोरण परिपूर्ण नाही, याची जाणीव आहे. अक्षरासाठी सोयीचा आयपीएस पडदा अंधारात गडद काळा दाखवू शकत नाही, काळ्याच्या जागी करडी धूसरता येते. ओलेडचा काळा अप्रतिम असतो, पण तासन्‌तास स्थिर राहणाऱ्या पट्ट्यांचा ठसा त्यावर उमटण्याचा धोका असतो आणि अनेक ओलेड पडद्यांवर अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसते. व्हीए पडदा काळ्यात सरस असला तरी बाजूने पाहता फिकटतो; खाटेवर तिघे दाटीवाटीने बसून पाहतात तेव्हा ते जाणवते. निवड करताना काहीतरी सोडावे लागते. आम्ही गडद काळ्याची चैन सोडावी म्हणतो आणि पडद्यामागे एक मंद दिवा लावून पाहावे म्हणतो, करडेपणा बराच विरतो.

तर मागणी अशी. महाविद्यालयांच्या खरेदीपत्रकात 'अमुक इंची' एवढेच लिहिणे बंद व्हावे. त्याऐवजी उंची मि.मी.मध्ये लिहावी : किमान ३२०. हट्ट प्रमाणाचा नाही, उंचीचा आहे. पैसे असतील तर २७ इंची फोर-के घ्यावा, तो १६:९ असूनही ३३६ मि.मी. उंच भरतो आणि अक्षरही रेखीव देतो. पैसे बेताचे असतील तर २४ इंची १६:१० घ्यावा. तो दुकानात मांडलेला नसतो, कार्यालयीन मालिकांत मागवावा लागतो, त्याचे अक्षर बारीक मजकुरात भरडच राहते, पण पान पूर्ण दिसते. लॅपटॉपच घ्यायचा तर १४ इंची १९२० बाय १२०० चा घ्यावा, त्यावर इंचाला १६० च्या वर बिंदू मिळतात. २०२० नंतर असे लॅपटॉप पुन्हा सहज मिळू लागले आहेत. पृष्ठभाग चकचकीत नसावा, कारण आमच्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी खिडकीतले ऊन आधी पडद्यावर उतरते. पुनरावृत्तीचा वेग १२० असल्यास उत्तम : सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट त्यात समान पाच-पाच ठोक्यांनी बसतो, तर ६० च्या पडद्यावर दोन-तीन असा लंगडत चालतो. ७५ चा पडदा मात्र चित्रपटासाठी अधिक पैसे देऊन घेऊ नये, २४ ने ७५ ला भाग जात नाही.

आणि दुकानात गेल्यावर नाचते मोर आणि फुलणारी कमळे दाखवणारी चित्रफीत बंद करायला सांगावे. एक मराठी पान उघडावे, बारा पॉइंटात. त्यात 'आचाऱ्यांना' हा शब्द असावा. तो डोळे न ताणता वाचता आला, तर त्या पडद्यावर तुकारामही नीट दिसेल.